गाण्यातला माणूस कुठला?

सकाळचा चहा गाळला की मी आधी फोन उघडते आणि लोकांनी माझ्या मुलीबद्दल काय काय लिहिलंय ते वाचते. सवय वाईट आहे. मुलीने हात जोडून सांगितलं होतं, "आई, प्लीज, कॉमेंट्स वाचू नकोस. डोन्ट डू धिस टु युअरसेल्फ." पण आपल्या पोरीला चारचौघांत कोणी बोलत असेल आणि आईने कानांवर हात ठेवून बसायचं, हे मला या जन्मी जमायचं नाही.

मुलगी ऑल्ट-कंट्री गाते. ओहायोतल्या डब्लिनमधल्या आमच्या मराठी मंडळात हे सांगितलं की लोक "वा, वा" म्हणतात आणि विषय कोणाच्या तरी मेडिकल स्कूलकडे वळवतात. तर इथे एकदा नीट सांगून टाकते. रेडिओवर जे कंट्री लागतं, म्हणजे ट्रक, बिअर, घट्ट जीन्स आणि झेंडा, त्याला नाकं मुरडणाऱ्यांची ही जमात. गिटार, फिडल, एखादी रडवी स्टील गिटार. गाण्यांत बंद पडलेले कारखाने, खाणी, मोडलेले संसार आणि नशेच्या गोळ्यांच्या नादी लागलेले भाऊ. आवाज म्हणाल तर यातल्या निम्म्या गायकांना आपल्याकडे शाळेच्या स्पर्धेत पहिल्या फेरीतच घरी पाठवतील. पण शब्दांवर ही माणसं जीव टाकतात. सुरुवातीला मला सगळं एकाच सुरातलं रडगाणं वाटायचं. मग कामावर जाता-येता गाडीत ऐकत गेले आणि कधी आवडायला लागलं ते कळलं नाही. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमधे रक्त तपासते. दिवसभर मशिनं सोडून कोणाशी बोलणं नाही, त्यामुळेही असेल.

पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा गायक आहे, ओहायो नदीच्या पलीकडच्या खाणींच्या मुलखातला. मुलीचं ते दैवत. त्याच्या चाहत्यांचा ऑनलाइन ग्रुप आहे आणि मुलीची पहिली गाणी त्याच लोकांनी उचलून धरली. त्या ग्रुपवर जी भांडणं चालतात ती वाचून मला माझ्या वडिलांचे दोन मित्र आठवतात. एकाच बँकेत शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचे, आणि कोणतं घराणं मोठं यावरून भांडून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. इथेही तेच. अमक्याने ट्रकच्या जाहिरातीला गाणं विकलं, मग तो आपला राहिला का? तमक्या बाईने बंदुकांविरुद्ध चार शब्द काढले, तर तिची गाणी आता ऐकायची का? आणि सगळ्यांचा लाडका वाद, माणूस नालायक निघाला तर त्याने लिहिलेलं चांगलं गाणं चांगलं म्हणायचं की नाही. महिनोन्‌महिने चालतो हा. अडाणी लोक नाहीत ते. एकेका ओळीचा असा कीस काढतात की आमचे मराठीचे सर खूश झाले असते.

त्यातल्या दोघांना मी न भेटता ओळखायला लागले होते. एकाने फोटोच्या जागी लाल ट्रॅक्टर लावलेला होता. दुसरी एक बाई, तिच्या फोटोत ती नसून तिचा एका कानाचा कुत्रा होता. ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं, कंट्री म्हणजे जगलेलं लिहिणं. जे जगला नाहीत ते गाऊ नका. कुत्रावालीचं म्हणणं, गाण्याने बाजू घेतली पाहिजे, गप्प राहणारा गायक भेकड. पूर्वी या दोघांचं बरं जमायचं, कारण वाद पगाराचे आणि खाणमालकांचे असत, आणि खाणमालक कोणाचाच काका-मामा नसतो. गेल्या काही वर्षांत वाद बाहेरून आलेल्यांवर आला आणि दोघांचं फाटलं.

मुलीचं जे गाणं या सगळ्यांनी डोक्यावर घेतलं त्यात एक माणूस आहे. त्याची नोकरी गेलीय. तो रोज शर्टाला इस्त्री करतो, घरच्यांचा निरोप घेऊन निघतो आणि धान्याच्या कोठारामागे गाडी लावून बसून राहतो. दुपारच्या जेवणाची वेळ व्हायच्या आधीच डबा खातो, कारण दिवसात दुसरं काही घडणारच नसतं. संध्याकाळी वेळ झाली की घरी येतो आणि "दमलो" म्हणतो. बस, एवढंच गाणं. कडव्यामागून कडवं काहीही होत नाही आणि शेवटी तुम्ही रडत असता. मीही रडले होते. "कुठून सुचतं गं तुला हे?" मी तिला विचारलं होतं. "असंच," ती म्हणाली आणि फ्रिज उघडून त्यात बघत राहिली.

ट्रॅक्टरवाल्याने लिहिलं होतं की हे गाणं ऐकून तो ट्रक बाजूला घेऊन थांबला. ही मुलगी दिसायला कशीही असो, आपली आहे, असंही लिहिलं होतं. 'दिसायला कशीही असो' हे मी गिळलं. आईला बरंच गिळावं लागतं.

पांढऱ्या दाढीवाल्याने शरद ऋतूतल्या दौऱ्यात आपल्या आधी गायला मुलीला बोलावलं. अर्धा देश फिरायचा होता. तिने कॉफीच्या दुकानातली नोकरी सोडली, गिटारची पेटी नवीन घेतली, आणि मंडळात पहिल्यांदाच कोणीतरी मेडिकल स्कूलचा विषय न काढता तिच्याबद्दल विचारलं. मी त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. नवरा पेढा खात म्हणाला, "टूर म्हणजे गिग झाली यार, रिलीज झालं नाही अजून." तो सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चुका शोधणं हा त्याचा धंदा. आनंद झाला की तो असंच काहीतरी बोलतो.

मग, दौरा सुरू व्हायच्या आधी, नदीकाठच्या एका गावात तिचा स्वतःचा कार्यक्रम झाला. त्याच आठवड्यात जवळच्या एका कत्तलखान्यातून इमिग्रेशनच्या पोलिसांनी बाहेरच्या देशांतून आलेल्या कामगारांना धरून नेलं होतं. रात्रपाळी संपवून घरी यायची ती माणसं घरी आलीच नाहीत. ते नोकरी गेलेल्या माणसाचं गाणं सुरू करण्याआधी मुलगी माइकवर म्हणाली, "या गाण्यातला माणूस या देशात जन्मलेला नाही. तो तुम्हाला तुमच्यातला वाटला ना? मग झालं तर." आणि गायला लागली. कोणीतरी फोनवर ते टिपलं आणि ग्रुपवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी माझा चहा ओट्यावर गार झाला. काय वाट्टेल ते लिहिलं होतं लोकांनी. ट्रॅक्टरवाला म्हणत होता की आपली फसवणूक झाली, आपण आपल्या बापासाठी रडलो आणि हिने आपले अश्रू दुसऱ्याच कोणाच्या नावावर जमा केले. कोणी म्हणे, बातम्यांत चलती आहे म्हणून हिने ऐन वेळी माणूस बदलला. कोणी म्हणे, डब्लिनच्या मोठ्या घरात वाढलेली पोर, हिला बेकारी काय माहीत? तुझ्या बापाची नोकरी कधी गेलीय का गं? 'तुम्ही परत जा'वाले होतेच, ते कुठे नसतात. आणि कुत्रावालीने आनंदाने टाळ्या पिटल्या होत्या. किती धाडसी, किती गरजेचं, आता हिने प्रत्येक कार्यक्रमात हेच बोलावं, न बोलली तर आम्ही समजून जाऊ. गाण्याबद्दल मात्र तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं. एक बाजू म्हणते तो माणूस आमचाच, दुसरी म्हणते तो आमच्या मोर्चाचा. तो माणूस कोण आहे, हे कोणालाच नको होतं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं की पोरीने उगाच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

भांडण इतकं पेटलं की दाढीवाल्याच्या मॅनेजरचा तिला फोन आला. म्हातारा स्वतः राजकारणावर बोलत नाही, 'जे आहे ते गाण्यात आहे' म्हणतो आणि सुटतो. मॅनेजर सभ्यपणे म्हणाला की हे मिटव. माणूस खरा असेल तर कोण ते सांग, नसेल तर रचलेला आहे म्हण. अधेमधे लोंबकळत ठेवलंस तर दौऱ्यात रोज हाच तमाशा होईल, आणि मग आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल. मुलीने मला हे फोनवर सांगितलं.

"मग सांग ना, कोण आहे तो?" मी म्हटलं.

"आई, इट्स कॉम्प्लिकेटेड."

"कॉम्प्लिकेटेड काय त्यात? असला तर आहे, नसला तर नाही."

मला वाटलं, नेटवर्क गेलं.

दोनेक दिवसांनी, लॅबमधे जेवणाच्या सुट्टीत मी ग्रुप उघडला तर एका नव्याच खात्यावरून मोठ्ठं काहीतरी आलेलं होतं. ना फोटो, ना आधीची एकही कॉमेंट. मथळे पाडून लिहिलेलं. परिस्थिती. निरीक्षणं. अपेक्षित काय होतं. प्रत्यक्षात काय झालं. खाली, निष्कर्ष. मी वाचायला घेतलं.

इंग्रजीत लिहिलं होतं की गाण्यातला माणूस खरा आहे. कोठार नव्हतं, लायब्ररी होती. गाडी पुढे नाही, मागच्या बाजूला लावायचा, कारण पुढे ओळखीच्या बायका मुलांना घेऊन गोष्टींच्या तासाला यायच्या. लॅपटॉप कंपनीने परत घेतलेला, म्हणून बॅग पोकळ दिसू नये यासाठी तीत मुलीचं केमिस्ट्रीचं जुनं पुस्तक असायचं. उन्हाळा होता. पेट्रोल जाळायला नको म्हणून एसी बंद, खिडकी उघडी, आणि उन्हाने एकच हात काळा पडला होता. डबा तो साडेदहाच्या सुमाराला खायचा. त्यात आठवड्यातून एकदा एक कडू भाजी असायची. बायको त्याच्या शुगरसाठी करायची आणि आधी तो ती नेहमी टाकून द्यायचा. त्या महिन्यांत त्याने ती कधी टाकली नाही. आपण कमावत नसताना केलेलं अन्न टाकायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटायचं. 'निष्कर्ष' या मथळ्याखाली एकच ओळ होती. गाणं लिहिणारी खोटं बोललेली नाही.

मी डबा झाकला. माझ्यासमोर माझ्याच हातची पोळी होती आणि ती माझ्याने खाववेना.

मुलगी अकरावीत होती त्या उन्हाळ्यात सासू-सासरे नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले होते. नवऱ्याचा डावा हात कोपरापासून करपला होता आणि सासूबाई त्याला कोरफड लावायच्या. ड्रायव्हिंगने होतं, मीच त्यांना समजावलं होतं. आणि कारलं! डबा धुतल्यासारखा रिकामा यायचा आणि मी तो सासूबाईंना दाखवून म्हणायचे, बघा, तुमच्या लेकाला शेवटी मीच कारलं खायला लावलं. मथळे पाडून तर हा माणूस डिशवॉशरची तक्रारसुद्धा लिहितो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी त्या गाण्यातला माणूस ओहायोभर शोधत होते आणि तो माझ्या घरात जेवून ताट विसळून ठेवत होता.

मला आधी राग आला. दया नंतर आली, बरीच नंतर. पोरीला माहीत होतं. पोरीने हजारो अनोळखी लोकांना सांगितलं. नवऱ्याने आता त्या लोकांना कारल्यासकट सांगितलं. बायको तेवढी राहिली होती. मी लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन मुलीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. ती त्या दिवशी एका छोट्या कार्यक्रमासाठी टेनेसीकडे गाडी हाकत होती, आणि गाडी चालवताना फोन बंद ठेवायची शिस्त तिला मीच लावलेली.

खाली कॉमेंट्स वाढत होत्या. ट्रॅक्टरवाला म्हणाला, छान प्रयत्न, पण हे मशीनकडून लिहून घेतलंय. कुठलाही माणूस आपली लाज अशी मथळे पाडून मांडत नाही. त्यावर शेकडो अंगठे. दुसरा म्हणाला, गायिकेच्या पब्लिसिटीवाल्यांचं काम. तिसरा म्हणाला, कडू भाजी हे जरा जास्तच झालं. कुत्रावालीने लिहिलं की खरं असो वा खोटं, किती शक्तिशाली आहे हे, थँक यू फॉर शेअरिंग. माझ्या नवऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट उन्हाळा त्या पानावर पडला होता, आणि एवढ्या मोठ्या ग्रुपात त्यावर विश्वास ठेवणारी मी एकटी होते. बाकीचे एकच म्हणत होते. तिलाच विचारा. ती म्हणेल ते खरं.

मी घरी पोचायच्या आत तिने वाटेत कुठेतरी थांबून उत्तर दिलं होतं. ड्राइव्हवेमधे गाडीतच वाचलं. "ही पोस्ट कोणी लिहिली मला माहीत नाही. असा कोणी माणूस माझ्या ओळखीचा नाही. गाण्यातला माणूस मी रचलेला आहे. त्या रात्री मी जे बोलले ते बोलायला नको होतं. सॉरी."

नवरा कामावरून आलेला होता आणि तांदूळ धूत होता. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"तू आहेस ना तो?"

"कोण तो?" म्हणाला, आणि मग त्याने नळ बंद केला. त्याच्या हाताला तांदूळ चिकटलेले तसेच होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"आई-बाबा आले होते यार. बाबा रोज नागपूरला फोन करून सांगायचे, मुलगा मॅनेजर झाला. म्हटलं, ते गेले की तुला सांगू. ते जायच्या आधीच नवीन जॉब लागला. मग सांगायचं काय? बग फिक्स झाला होता, टिकेट क्लोज."

"मी काय पाहुणी होते या घरात? त्यांच्याबरोबर विमानाने आले होते का मी?"

मी रडायला लागले आणि रडता रडता त्याला बरंच बोलले. नोकरी गेल्याचं काहीच वाटलं नाही मला. पण एवढे दिवस एक माणूस सकाळी माझ्याकडून डबा घेऊन बाय करून जात होता आणि मी एका नाटकाला बाय करत होते, याचं वाटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूहळू सांगितलं की मुलगी मैत्रिणींबरोबर लायब्ररीत अभ्यासाला गेली होती, तिने मागे गाडी बघितली. तो आत झोपला होता, गळ्यात जुन्या कंपनीचं ओळखपत्र. तिने काचेवर टकटक केली. आईला सांगायचं नाही, असं त्याने तिच्याकडून वचन घेतलं. ती सोळा वर्षांची होती.

"आणि आज कशाला लिहिलंस मग?"

"तिला खोटारडी म्हणत होते ना. मला वाटलं, प्रूफ दिलं की इश्यू क्लोज होईल. नाव कुठे लिहिलं होतं मी?" त्याने हात पुसले. "तिने बरोबर केलं. प्रॉमिस पाळलं." हे म्हणताना त्याचा चेहरा असा झाला की मला माझा राग कुठे ठेवू ते कळेना. स्वतःच्या लेकीने 'असा कोणी माणूस माझ्या ओळखीचा नाही' लिहिलेलं त्यानेही वाचलं होतं.

थोड्या वेळाने मुलीचा फोन लागला. मी सरळ म्हटलं, "मला कळलंय. सगळं. आता माझ्यापासून लपवायला काही उरलं नाही. ते काढ आणि खरं लिही."

पलीकडे ट्रक जात असल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आई, मॅनेजरचा फोन आला होता. ते खूश आहेत. टूर कन्फर्म केलीय."

"मग?"

"मग आता परत बदललं तर मी दोनदा खोटी ठरेन. नोबडी विल बिलीव्ह मी. ते बाबालाच बॉट म्हणतायत."

"तू कशासाठी लिहिलंस ते? माझ्यासाठी की टूरसाठी?"

"तुझ्यासाठी." आणि मग, रडत, "आय डोन्ट नो, आई. आय ऑनेस्टली डोन्ट नो."

तिला मी रागावायला हवं होतं की जवळ घ्यायला, तेव्हा समजलं नाही. ती टेनेसीच्या रस्त्यावर होती, त्यामुळे दोन्ही शक्य नव्हतं.

ग्रुपचं सांगायचं तर सगळं कसं गोड झालं. कुत्रावालीने मुलीला भेकड म्हणून ग्रुप सोडला. ट्रॅक्टरवाल्याने जाहीर माफी मागितली. लिहिलं की चुकलं ते कबूल करायला हिंमत लागते, आणि आता हे गाणं पुन्हा आपल्याला मिळालं. खाली त्याने स्वतःच्या वडिलांचं लिहिलं होतं. काचेचा कारखाना बंद झाल्यावर ते कितीतरी दिवस डबा घेऊन निघायचे आणि नदीवर बसून यायचे, हे घरच्यांना त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी एका मित्राने सांगितलं. त्याखाली लोकांनी आपापले बाप आणून उभे केले. कोणाचा खाणीतला, कोणाचा पोलाद गिरणीतला. मी सगळे वाचले. वाचता वाचता रडलेही, कारण दुःख खरं होतं आणि दुःखाला मी कशाला नावं ठेवू? पण त्या एवढ्या मोठ्या रांगेत माझ्या नवऱ्याला कोणी उभं केलं नाही. त्याला घालवून दिल्यावरच रांग लागली होती.

दौरा आमच्या शेजारच्या कोलंबसजवळ आला तेव्हा आम्ही दोघं गेलो. जत्रेच्या मैदानावर दुपारचा कार्यक्रम होता, गवतावर घडीच्या खुर्च्या टाकलेल्या. नवऱ्याने चांगला शर्ट घातला होता. त्या सगळ्यानंतर आम्ही घरात जपून बोलत होतो, पाहुणे असल्यासारखं. त्याला कामावरून उशीर झाला की तो आता दहा वेळा कारण सांगायचा आणि मी दहा वेळा "बरं" म्हणायचे. विश्वास नव्हता असं नाही. पण तो "निघालो" म्हणाला की माझी नजर त्याच्या बॅगेकडे जायची, आणि हे त्याला दिसायचं.

मुलीने तेच गाणं सगळ्यात शेवटी घेतलं. आधी एक शब्द बोलली नाही, नुसती गिटार लावून सुरू झाली. सुंदर गायली. आमच्याकडे तिने बघितलं नाही. पुढच्या दोन रांगा उभ्या राहिल्या, टोप्या छातीशी धरून. माझ्या नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचा एक धिप्पाड माणूस होता. तो मोठ्याने रडत होता, लाजत नव्हता. गाणं संपल्यावर त्याने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळून म्हणाला की हे त्याच्या वडिलांचं गाणं आहे, शब्द न्‌ शब्द. मग अगदी मनापासून, सौजन्याने विचारलं, "सर, तुमच्या घरी असं कोणाचं झालं होतं का?"

नवरा हसला. "नो, नो," म्हणाला. "वी आर इन सॉफ्टवेअर."

माझ्याने राहवलं नाही. मी पुढे वाकून त्या माणसाला सांगितलं, "हाच तो. ती गातेय ना, ती आमची मुलगी आहे. त्या गाण्यातला माणूस हा आहे, माझा नवरा."

त्याने स्टेजकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. तुमची मुलगी! त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. पण मॅडम, म्हणाला, तिने स्वतःच सांगितलंय, तो माणूस तिने रचलाय. हीच तर तिची कमाल आहे. तो कोणीही असू शकतो. तो आपण सगळेच आहोत. आणि त्याने मोठ्या मायेने माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला समजावलं की तुम्हीसुद्धा, सर. तुम्हाला असं कधी भोगावं लागलं नसलं तरी.

"थँक यू, सर," माझा नवरा म्हणाला.